देव्हाऱ्यातली बाटली

आमच्या खोलीत चांगली अशी जागा एकच होती, देव्हारा. बाकी सगळीकडे काही ना काही असायचंच. एका कोपऱ्यात मोरी, मोरीला लागून चूल, चुलीच्या वर फळी आणि फळीवर मिठाच्या बरणीपासून सुकटाच्या डब्यापर्यंत सगळं. खाटेखाली ट्रंक, डोक्यावर दोरीवर कपडे. म्हणून औषधाची बाटली मी देव्हाऱ्यात ठेवली. माझ्या हातानं ठेवली. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढे वाटायचं की म्हातारा दुसऱ्या कोणावर ढकलतो आहे.

माझं शिक्षण मराठी चौथी. गिरणीत साचेखात्यात उभं आयुष्य गेलं, त्या आवाजानं कान अर्धे झाले. म्हणून बोलतो ते मोठ्यानं आणि सरळ. लिहिताना पण तेच होणार. बायको जाऊन इतकी वर्षं झाली की तिला ओळखणारं आमच्या लालबागच्या चाळीत आता कोणी उरलेलं नाही. मूलबाळ झालं नाही. मी गेलो की ती होती हे सांगणारा कोणी नाही, म्हणून लिहितो.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ चालू होती त्या वर्षांतली गोष्ट. परळच्या हॉस्पिटलात तिची डावी छाती काढली. गाठ तिला आधी कळली होती, पण ती सांगणार कोणाला? मला सांगायला लाजली, शेजारणीला सांगायला घाबरली. शेवटी आंघोळीच्या वेळी हात लागून दुखलं तेव्हा ओरडली, म्हणून मला कळलं. ऑपरेशन झालं. मग शेक दिले, मशीनखाली झोपवून. कातडी काळी पडली, चुलीवरच्या तव्यासारखी. घरी आली तेव्हा डावा हात कोपरापासून सुजलेला आणि वर उचलता येत नव्हता. केस विंचरायचे तर समोरच्या खोलीतली शेजारीण येऊन विंचरून द्यायची.

हॉस्पिटलात एका नर्सबाईनं तिला व्यायाम शिकवला होता. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, डाव्या हाताची बोटं भिंतीवर टेकवायची आणि मुंगी चढते तशी वर वर न्यायची. जिथपर्यंत पोचतील तिथं खूण करायची. ती चुलीतला कोळसा घेऊन खूण करायची. पहिली खूण तिच्या कमरेच्या जरा वर होती.

मी तेव्हा आमच्या गल्लीतल्या लोकांबरोबर रस्त्यावरच्या भिंतींवर गेरूनं लिहायला जायचो, ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. अक्षर माझं बरं होतं, तेवढंच काय ते चौथीचं भांडवल. तिच्या खुणा बघून एकदा म्हटलं, “भिंत काळी केलीस गो सगळी.”

ती म्हणाली, “भायरच्यो भिंती तुमी रंगवा. ही येक माझी.”

घरात आम्ही मालवणीच बोलायचो. तिला दुसरं बोलताच यायचं नाही.

हॉस्पिटलनं एक कार्ड दिलं होतं. दर दोन महिन्यांनी दाखवायला यायचं, तारीख लिहून द्यायचे. पहिल्या तारखेला गेली आणि परत आली ती रडत. “माका थंय जावचा नाय. चार-चार पोरगे डाक्टर उभे रवान बघतत.” शिकाऊ डॉक्टर होते ते, मोठी डॉक्टरीणबाई त्यांना दाखवून समजावत होती. माझ्या बायकोनं लग्न झाल्यापासून माझ्यासमोर सुद्धा उजेडात लुगडं बदललं नव्हतं. तिथं चोळी काढून उभं राहायचं, आणि ते सुद्धा जे उरलं नव्हतं ते दाखवायला. मी म्हटलं, बरं, बघू. बघू म्हणणं सोपं असतं.

फणसवाडीतला तो होमिओपॅथीवाला आम्हाला आमच्या खात्यातल्या एकानं सांगितला. गिरगावातला जुना घरंदाज माणूस, कचेरीतून रिटायर झालेला, धोतर, कोट, काळी टोपी. घरातच बसायचा. लाकडी पेटीत बोटाएवढ्या बाटल्यांच्या रांगा. त्याची धाकटी बहीण याच रोगानं गेली होती, तेव्हापासून त्यानं मनावर घेतलं होतं, की छाती कापल्यावर बाईला पुन्हा उभं करणारं औषध शोधून काढायचं. त्यासाठी तो परीक्षा करत होता. ऑपरेशन झालेल्या सात-आठ बायका दर रविवारी त्याच्याकडे यायच्या. सगळ्या पदर एका बाजूला घट्ट धरून बसलेल्या. प्रत्येकीला नंबर टाकलेली बाटली. आत त्याच साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या, पण कोणत्या बाटलीत कोणतं औषध ते त्याच्या रजिस्टरात. आम्हाला नाव सांगायचा नाही. म्हणायचा, “नाव कळलं की मन आपलंच काहीतरी ठरवतं.”

माणूस खोटा नव्हता. हे मी आजही म्हणेन. पण त्यानं एकदाही जखम बघितली नाही. नुसतं विचारायचा. स्वप्नं काय पडतात, तहान लागते का, उजव्या कुशीवर झोप येते की डाव्या. माझ्या बायकोला तो डॉक्टर आवडला तो यासाठीच. पदर हलवायला लागत नव्हता.

त्यानं मला एक वही करायला सांगितली. “तुम्ही लिहिता ना? रोज संध्याकाळी त्यांना विचारायचं आणि एक ओळ लिहायची. हात कसा, झोप कशी, दुखणं कसं. रविवारी मी उतरून घेईन.” मला मान मिळाल्यासारखं वाटलं. माझी अक्षरं रजिस्टरात जाणार होती.

मग पथ्य सांगितलं. कांदा नाही, लसूण नाही, हिंग नाही, कॉफी नाही, मशेरी नाही, कापूर नाही. गोळीला हात लावायचा नाही, झाकणात घेऊन तोंडात टाकायची.

कोकणातल्या बाईला मशेरी सोडायला सांगणं म्हणजे काय ते तिलाच माहीत. सोडली. सकाळी दात घासताना रिकाम्या तळहाताकडे बघत बसायची. कांदा-लसूण सोडला, आमटी बेचव झाली, मी गप्प जेवलो. कापराचं ऐकून शेजारीण हसत सुटली होती. “कापूर खाऊचो नाय असा सांगल्यान? कापूर खाता कोण, भावजी?” मी पण हसलो. खाण्याच्या यादीत आलं म्हणून खायचं नाही एवढंच मला कळलं. कोणी खात नव्हतं, तेव्हा ते पथ्य आपोआप पाळलं जात होतं.

आणि बाटली देव्हाऱ्यात. गणपतीच्या तसबिरीला टेकून, कापराच्या डबीला चिकटून. रोज दिवेलागणीला ती आरती करायची, आरतीत कापूर जाळायची, तबक खाली ठेवायची आणि बाटली काढून गोळ्या घ्यायची. देवाच्या पायाशी ठेवलेलं औषध लवकर लागू होतं असं मला वाटायचं. तिला पण वाटायचं. बाटलीला ती नमस्कार करायची.

मग मी वही घेऊन बसायचो. “सांग.”

“लिवा, बरां वाटता.”

“हात?”

“हात पण बरो.”

मी लिहायचो. बरं वाटतं. हात बरा. झोप बरी.

सुरुवातीला ते खरंच होतं. भिंतीवरच्या खुणा चढत होत्या. कमरेपासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून कानापर्यंत. एक दिवस बोटं कॅलेंडरच्या खिळ्याला लागली आणि तिनं मला गॅलरीतून हाक मारून आत बोलावलं. मी बघितलं, ती बोटं खिळ्यावरच ठेवून उभी होती, काढली तर मी विश्वास ठेवणार नाही म्हणून. रविवारी डॉक्टरला सांगितलं. त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली आणि दोनदा ‘वा’ म्हणाला. दुसऱ्या बायकांना माझी वही दाखवली. हॉस्पिटलच्या पुढच्या तारखेबद्दल मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “जायचं तर जा, मी नको म्हणणार नाही. फक्त तिथलं दुसरं औषध सुरू केलंत तर मला सांगा. मग कशानं गुण आला ते मला कळायचं नाही.” तो नको म्हणाला नव्हता. पण घरी येताना आम्ही दोघांनी ठरवलं, की डॉक्टरची परीक्षा आपल्यामुळे बिघडायला नको. आम्हाला जे हवं होतं ते त्याच्या तोंडात घातलं आणि मोकळे झालो. ती तारीख गेली.

त्याच्या पुढची तारीख आली तेव्हा हरताळ होता. ट्राम बंद, बस बंद, गिरण्या बंद. आमची गल्ली सकाळपासून रस्त्यावर. फाउंटनकडे मोर्चा जाणार होता आणि माझ्या हातात फलक होता, मीच लिहिलेला. मी टोपी घालायला आत आलो तर ती तयार होऊन बसलेली. चांगलं हिरवं लुगडं नेसलेली, केस विंचरलेले, कार्ड मांडीवर.

मी म्हटलं, “हे काय?”

“तारीख आसा ना आज.”

“आज? आज हरताळ आसा. आज खंयचा हॉस्पिटल?”

तिनं माझ्या हातातल्या फलकाकडे बघितलं. म्हणाली, “बरां.” आणि कार्ड देव्हाऱ्यामागे सरकवून ठेवलं.

लालबागहून ते हॉस्पिटल चालत पंधरा मिनिटं आहे. तिच्या पावलांनी पंचवीस. ट्राम लागत नाही, बस लागत नाही. आणि हॉस्पिटलाला हरताळ नसतो हे चौथी शिकलेल्याला सुद्धा कळतं. जी बाई नको नको म्हणत होती ती आपणहून हिरवं लुगडं नेसून का बसली, एवढं एक विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही. खाली पोरं घोषणा देत होती. संध्याकाळी अश्रुधुरानं डोळे सुजवून परत आलो, तर तिनं पाण्याची घडी डोळ्यांवर ठेवली. उजव्या हातानं. मग मी वही काढली.

“सांग.”

“लिवा, बरां वाटता.”

त्यानंतर खुणा खाली यायला लागल्या. खिळ्याच्या खाली वीतभर, मग कानापाशी, मग खांद्याशी. मला दिसत नव्हत्या असं नाही. मी जेवायला बसायचो ती भिंत समोरच होती. पण माझ्या वहीत बरं होतं, आणि ते मी स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं, म्हणून मी वहीवर विश्वास ठेवला. तिला म्हटलं, आळस करतेस, नीट ताणत नाहीस. ती म्हणाली, “ताणतंय हां.”

शेवटी काखेत दुखून ती चूल फुंकता फुंकता खाली बसली, तेव्हा मी रविवारी डॉक्टरला खरं सांगितलं. हात पुन्हा सुजला. रात्रभर झोप नाही. त्यानं रजिस्टर उघडलं, दोन-तीन पानं मागे गेला, कपाळाला आठ्या. “असं होऊच शकत नाही. पथ्य?”

“सगळं पाळलं.”

“मशेरी?”

“तेव्हापासून बंद.”

“बाटली कुठे ठेवता?”

मी अभिमानानं म्हटलं, “देव्हाऱ्यात.”

“आणि कापूर?”

“कापूर पण देव्हाऱ्यातच. डबीत.”

त्यानं पेन खाली ठेवलं. “अहो, कापराशेजारी? इतके महिने? कापराचा नुसता वास लागला तरी औषध मरतं! मी तुम्हाला सांगितलं होतं ना?”

मी म्हटलं, “आम्ही खाल्ला नाही, साहेब.”

कोपऱ्यात बसलेल्या बायका खाली बघायला लागल्या. माझी बायको माझ्याकडे बघत होती. त्यानं पट्टी घेतली, रजिस्टरात आमच्या पानावर कोपऱ्यातून कोपऱ्यात एक रेघ ओढली. “हे पान बाद करावं लागेल. तुमची काही चूक नाही, पण यावरून मला काही ठरवता येणार नाही.” रागानं नाही बोलला. दुसरी बाटली दिली, नवीन नंबर. पण त्या रेघेनंतर त्यानं तिला स्वप्नं विचारली नाहीत.

गिरगावातून लालबागला परत आलो. जिना चढताना ती दम खायला थांबली आणि हसली. “औषध देवान खाल्ल्यान म्हणा. त्येका तरी गुण इलो आसतलो.”

नवीन बाटली मी ट्रंकेत ठेवली. चार दिवसांनी शेजारणीनं विचारलं, “भावजी, ट्रंकेत डांबराच्यो गोळ्यो नाय काय?” होत्या. मग फळीवर ठेवली, तिथं हिंगाची डबी. मग दोन दिवस बाटली माझ्या सदऱ्याच्या खिशात घालून गिरणीत नेली, तिथं तेलाचा वास. वास नसलेली जागा आमच्या आयुष्यात नव्हतीच. त्या धावपळीत आणखी महिना गेला. मी बाटलीसाठी जागा शोधत होतो आणि तिकडे भिंतीवरची खूण पुन्हा कमरेशी आली होती.

मग मी तिला परळला नेलं. चालत नाही, तेव्हा तिला चालवत नव्हतं. व्हिक्टोरिया घोडागाडी केली. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोरांना बाहेर काढलं, पडदा ओढला, तपासलं. मी पडद्याच्या अलीकडे होतो. त्यांनी विचारलं, “काखेतली ही गाठ कधी लागली हाताला?”

माझ्या बायकोनं आठवून आठवून सांगितलं, “तो हरताळ झालो मा, त्येच्या आदी आठ दिवस.”

तिला बाहेर बाकावर बसवून बाई माझ्याशी बोलल्या. रोग फुप्फुसात गेला होता. आता करण्यासारखं फार नाही म्हणाल्या. मी त्यांना कापराचं सांगितलं. सगळं सांगितलं, देव्हारा, डबी, रेघ. त्यांना आधी कळेचना मी काय बोलतोय. मग म्हणाल्या, “बाबा, कापरानं काही झालेलं नाही. त्या गोळ्यांनी पण काही झालं नसतं. ती गाठ लागली तेव्हा यायला हवं होतं. तारीख दिली होती ना तुम्हाला? का नाही आलात?”

मी म्हटलं, “हरताळ होता.”

त्यांनी खिडकीकडे बघितलं. हॉस्पिटलच्या कुंपणावर गेरूनं लिहिलेलं तिथून वाचता येत होतं. अक्षर माझं नव्हतं, पण असू शकलं असतं.

बाहेर आलो. ती बाकावर बसली होती, पदर डोक्यावरून. विचारलं, “काय म्हणाली ती?”

मी म्हटलं, “कापरामुळे झाला म्हणाली.”

माझ्या तोंडून ते कसं निघालं मला आजही सांगता येत नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. हरताळाच्या दिवशीचं हिरवं लुगडं मला झाकायचं होतं. बाटली ठेवणं ही चूक होती, ती मी कोणाच्याही समोर कबूल केली असती. ते दुसरं चुकून झालेलं नव्हतं.

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्या हाताला धरून उठली आणि म्हणाली, “जावंदे. देवाकडेच ठेवलात ना? वायट जागेर नाय ठेवलात.”

माफ केलं तिनं मला. ज्यानं काही बिघडलंच नव्हतं त्यासाठी. तिला कापराचं खरं वाटलं, की सगळं कळून सुद्धा, मला दुसरं काही बोलायला लागू नये म्हणून, हे मी तिला कधी विचारू शकलो नाही. गाठ कधी लागली ते तिनंच सांगितलं होतं, पडद्यापलीकडून, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मला कमी ऐकू येतं हे तिला माहीत होतं.

नंतरचे चार महिने ती घरीच होती. आरती करायची ती कापराशिवाय, नुसत्या तुपाच्या वातीनं. शेजारणीनं विचारलं तर सांगायची, “ह्येंका त्रास होता वासाचो.” म्हणजे मला. वही मी बंद केली होती, पण दिवेलागणीला सवयीनं तिच्या खाटेशी बसायचो. एकदा तीच म्हणाली, “लिवा.” मी म्हटलं, वही नाही आता. “मग नुसता आयका. बरां नाय वाटत.” एवढं तिनं पहिल्यांदा सांगितलं. आठ दिवसांनी गेली. चाळीतल्या लोकांनी कापूर आणला, तो मी लावू दिला.

मुंबई महाराष्ट्राला मिळाली तेव्हा गल्लीत पेढे वाटले. मलाही आणून दिला. घेतला, फळीवर ठेवला, मुंग्या लागल्या.

दिवाळीच्या आधी चाळीला चुना लागायचा. पहिल्या वर्षी रंगारी आला तेव्हा मी ती भिंत सोडायला सांगितली. तो म्हणाला, “काका, सगळा कोळसा आहे हा, वाईट दिसतं.” मी म्हटलं, दिसू दे. खालून वर खिळ्यापर्यंत गेलेल्या खुणा आणि त्यांच्या बाजूनं खाली आलेल्या. किती वर्षं तशाच ठेवल्या. हळूहळू कोळसा आपोआप झडत गेला, जेवताना हात टेकून, ओल येऊन. आता खिळ्याखालची एक दिसते, आणि सगळ्यात खालची. खालची पुसट झाली की मी अंगठ्याला कोळसा लावून पुन्हा गिरवतो. वरची गिरवायला माझा हात आता पोचत नाही.